पोझमधून परतीची वाट

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी पेणचा. घरी गणपतीचा कारखाना आहे. बाबा शाडूत काम करतात आणि मी गेली दोन वर्षं झीब्रशवर, म्हणजे संगणकावर मूर्ती घडवायच्या प्रोग्रॅमवर. यंदा एका शाळेनं लेझीम पथकाच्या पाच मूर्ती मागितल्यात, प्रत्येकी नऊ इंच, थ्रीडी प्रिंट काढून रंगवलेल्या. मुलगा एकच, पोझ पाच. मूळ मॉडेल ए-पोझमध्ये (सरळ उभा, हात बाजूला तिरके खाली) केलं, सबटूल, म्हणजे मॉडेलचे वेगळे तुकडे, झाले चौदा. पहिली पोझ ट्रान्सपोज मास्टरनं (सगळे तुकडे एकदम वळवणारं साधन) घेतली, ती छान दिसायला लागली म्हणून तिथेच काम करत बसलो. खांद्यापाशी जाळी (मॉडेलचा ठिपक्यांनी विणलेला पृष्ठभाग) ताणली गेली म्हणून अंगाला डायनामेश मारला, म्हणजे ती नव्यानं विणून घेतली. चेहरा, बोटं, धोतराच्या चुण्या असं सहा दिवसांचं काम पोझमध्येच झालं. आता शाळा म्हणते, चेहरा मोठ्या माणसाचा वाटतो, दहा वर्षांचा पोर दिसायला हवा. उरलेल्या चार पोझ तर अजून व्हायच्याच आहेत. सिमेट्री लागत नाही. जुन्या फायलीत पोझचा लेयर आहे, पण त्याचा स्लायडर अर्ध्यावर आणला की हात आखूड होतो. सगळं पहिल्यापासून करू का? आणि बाबा विचारतात, "मातीत असा हात पसरलेला सरळ माणूस आम्ही कधी केला नाही, तुम्ही कशाला करता?" त्यांना काय सांगू?

— अडकलेला लेझीमवाला

उत्तर:

आधी बाबांच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तुझी निम्मी अडचण तिथेच आहे.

मातीत काम करणारा माणूस आधी सांगाडा वाकवतो आणि मग त्यावर माती चढवतो. पोझ आधी, अंग नंतर. उजवा हात वर असेल तर उजवा खांदा पहिल्या गोळ्यापासूनच वर असतो. कमरेतून तोल कुठे जातोय, कुठल्या पायावर भार आहे, हे सगळं चेहऱ्याला नाक लागायच्या आत ठरलेलं असतं. आपण उलटं करतो. आधी माणूस पूर्ण घडवतो, अगदी नखांसकट, आणि मग त्याला हलवायला जातो. हे उलटं काम आपण आवडीनं करत नाही. सिमेट्री लावली की डावा डोळा करताना उजवा आपोआप होतो, हे एक कारण. एकदा घडवलेल्या मुलाला पाच वेळा वळवता येतं, मातीत त्याला पाच वेळा घडवावा लागेल, हे दुसरं. गेम आणि सिनेमावाल्यांना तर त्या मॉडेलमध्ये हाडं बसवून ते हलवायचं असतं, त्यामुळे त्यांना सरळ उभा माणूसच लागतो. पण तुला प्रिंट काढायची आहे. शाळेनं एकच मूर्ती मागितली असती तर मी तुला सांगितलं असतं, बाबांचं ऐक: ओबडधोबड अंग झालं की लगेच वळव आणि बाकी सगळं काम पोझमध्ये कर. परत यायचा प्रश्नच नाही. पाच मूर्ती मागितल्या म्हणून तुला परतीची वाट लागते, आणि नेमकी तीच वाट तू डायनामेशनं बुजवलीस.

ती कशी बुजली ते नीट समजून घे, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. प्रोग्रॅमला हात, खांदा, कोपर असलं काही कळत नाही. त्याला कळतात ठिपके आणि त्यांचे नंबर. सरळ उभं असताना ४,२१७ नंबरचा ठिपका इथे, पोझमध्ये तोच ठिपका तिथे. पोझचा लेयर म्हणजे फक्त हीच नोंद, प्रत्येक नंबर किती सरकला त्याची. शाळेचा हजेरीपट असतो ना, तसं. डायनामेश मारलास तेव्हा सगळा वर्ग उठवून नव्यानं बसवलास, नवे नंबर दिलेस आणि जुना हजेरीपट रद्दीत गेला. आता ४,२१७ म्हणजे कोण, हे कोणालाच माहीत नाही. झेडरिमेशर (जाळी नीट चौकोनांत विणणं), डायनामेश, डेसिमेशन (ठिपके कमी करणं), एखादा तुकडा कापून काढणं, दोन सबटूल एकत्र करून परत डायनामेश, ही सगळी नंबर बदलणारी कामं. ती करायला हरकत नाही, पण पोझ घ्यायच्या आधी. किंवा परत यायचं नाही हे पक्कं झाल्यावर.

मीही हे शिकले ते ठेच लागूनच. एका गेमसाठी बसलेला म्हातारा करत होते. त्याला बसवला, मांडीवर पोट कसं येतं ते बघून इतकी खूश झाले की दोन आठवडे त्याला उठवलाच नाही. फाइल रिगिंगकडे, म्हणजे हाडं बसवणाऱ्यांकडे गेली, तिकडून फोन आला, "मॅडम, हे आजोबा बसलेलेच जन्मले का?"

आता तुझे सहा दिवस वाचवायचं बघू. वाचतात, सगळे नाही पण बरेचसे.

पोझ घेण्याआधीची फाइल तुझ्याकडे आहे. तिची एक प्रत काढ, पोझचा लेयर असेल तर प्रतीतून उडव आणि अंगाच्या सबटूलला लेव्हल, म्हणजे जाळीच्या बारकाईच्या पायऱ्या (१ सर्वांत ढोबळ), किती आहेत ते बघ. पाच-सहा असतील तर उत्तम. एकही नसेल, म्हणजे मूळ अंगही डायनामेशच असेल, तर आधी त्याची प्रत काढून एक्स सिमेट्री लावून झेडरिमेशर मार, आठ-दहा हजार चौकोनांची जाळी पुरते, मग लेव्हल चढवत मूळ अंगावरून प्रोजेक्ट करून, म्हणजे त्याचा आकार नव्या जाळीवर उमटवून घे. सिमेट्री लावूनच मार, याचा उपयोग पुढे आहे. आता लेव्हल १ वर ये आणि तेवढीच जाळी ओबीजे म्हणून बाहेर काढून ठेव. नाव स्पष्ट दे, 'अंग_सरळ_लेव्हल१' असं काहीतरी. ही ओबीजे म्हणजे तुझं परतीचं तिकीट. हरवू नकोस.

मग ही जुनी जाळी ट्रान्सपोज मास्टरनं तुझ्या सहा दिवसांच्या मूर्तीसारखी वळव. या वेळी लेयर नको, सरळ वळव. तंतोतंत जुळायची गरज नाही, पण बोटावर बोट आणि ओठावर ओठ आलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या पायरीला करंगळीचं नख अनामिकेवर उमटतं. दोन्ही अंगं एका फायलीत आण, बाकी सगळ्या सबटूलचे डोळे बंद कर (यादीतलं डोळ्याचं चिन्ह मिटलं की सबटूल लपतो) आणि जुन्या जाळीवर प्रोजेक्ट ऑल कर. सगळ्यात वरच्या लेव्हलला एकदम नाही. आधी लेव्हल २, मग ३, मग ४, असं चढत. दरवेळी प्रोजेक्टच्या आधी मॉर्फ टार्गेट स्टोअर कर, म्हणजे जाळीचा त्या क्षणाचा आकार जपून ठेवला जातो. काखेत, बोटांच्या बेचक्यात, ओठांच्या कोपऱ्यात जाळी फुटणारच. फुटली की मॉर्फ ब्रश घे आणि तेवढी जागा पुसून आधीसारखी कर. पुढच्या लेव्हलला जाताना जुनं मॉर्फ टार्गेट काढून नवं स्टोअर करायचं, कारण एका सबटूलला एका वेळी एकच राहतं.

वरच्या लेव्हलला सगळं उमटलं की पुन्हा लेव्हल १ वर उतर आणि ती ओबीजे इम्पोर्ट कर. ठिपके तेवढेच, नंबर तेच, त्यामुळे झीब्रश नवं मॉडेल न आणता हीच जाळी जागेवर हलवतं. पोर सरळ उभं राहील. आता हळूहळू लेव्हल चढव. नखं, कानाची पाळी, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या सरळ हातावर बसलेल्या दिसतील, कारण वरच्या लेव्हलचं बारीक काम खालच्या लेव्हलच्या पृष्ठभागाला धरून असतं. खालचा वळला की तेही वळतं. हीच गोष्ट ट्रान्सपोज मास्टर करतो: सगळ्या सबटूलच्या सर्वांत खालच्या लेव्हल एकत्र करून एक हलकी जाळी देतो, तू ती वळवतोस, आणि तो बदल चौदाही सबटूलना नेऊन पोचवतो.

काय वाचणार नाही, तेही ऐक. पोझमध्ये गालाची जाडी, जबड्याची रुंदी असं काही मोठं बदललं असशील तर ते लेव्हल १ पर्यंत झिरपलेलं असतं आणि ओबीजे इम्पोर्ट केली की पुसलं जातं. तुझ्या बाबतीत ही आपत्ती नाही, सोय आहे. चेहरा तसाही बदलायचाच आहे, तो सरळ उभ्या मुलावर सिमेट्री लावून कर. दहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण साडेसहा डोकी, मोठ्या माणसाची साडेसात, हे आधी बघ. शाळेला चेहरा मोठा वाटतो तेव्हा पुष्कळदा चेहऱ्याचा दोष नसतो, डोकं अंगाच्या मानानं लहान पडलेलं असतं. त्यानंतर जबडा लहान कर, नाकाचा पूल खाली घे, भुवयांचं हाड मऊ कर.

आणि धोतराच्या चुण्या परत आणूच नकोस. त्या त्या पोझच्या होत्या, तिथेच राहू देत.

याच मुद्द्यावर जरा थांबते, कारण पुढच्या चार पोझमध्ये तुझा वेळ इथेच जाणार किंवा वाचणार आहे. कुठलं काम सरळ मॉडेलवर करायचं आणि कुठलं पोझमध्ये, हे काम हातात घेण्याआधी ठरव. डोक्याची ठेवण, डोळे, कान, पायाची बोटं, नखं, हातापायांची लांबी-जाडी, गुडघ्याची वाटी, घोटा, कोपराचं टोक असं जे दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि हललं तरी फारसं बदलत नाही, ते सरळ मॉडेलवर. जे दाबलं जातं, ताणलं जातं, लोंबतं, घडी पडतं ते पोझमध्ये. लेझीम खेळताना पोर खाली वाकलं की पोटरी मांडीला टेकते आणि दोन्ही चपट्या होतात. पोटावर दोन घड्या पडतात. वर गेलेल्या हाताच्या काखेत सदरा ताणतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच सदऱ्याचा चुरगळा होतो. फेट्याचा शेमला एका अंगाला उडतो. हे सरळ उभ्या मुलावर करण्यात काही अर्थ नाही. केलंस तरी वळवल्यावर ती घडी भलत्याच जागी जाऊन बसते आणि कापड पत्र्याचं दिसतं. कापडाचं धोरण माझं सरळ आहे: मूळ फायलीत सदरा आणि धोतर गुळगुळीत, जवळजवळ पिशवीसारखं ठेवायचं. शिवण, काठ, एवढंच. चुण्या प्रत्येक पोझला नव्यानं. पाच मूर्तींना पाच वेळा चुण्या करायच्या हे ऐकून पोटात गोळा येईल, पण एका धोतराला तासभर लागतो. जुन्या चुण्या पुसून दुरुस्त करायला दोन लागतात.

आता तो आखूड होणारा हात. यात तुझी काही चूक नाही, लेयरचा स्वभावच तसा आहे. प्रत्येक ठिपका 'इथून' आणि 'तिथे' एवढंच लेयरला ठाऊक असतं, मधला रस्ता नाही. स्लायडर अर्ध्यावर आणला की ठिपका सरळ रेषेनं निम्म्या वाटेवर जातो. पण हात फिरतो वर्तुळात. मनगट वर्तुळाच्या कडेनं न जाता आतून, जिवेवरून, आडवाटेनं जातं, म्हणून ते खांद्याच्या जवळ येतं. हात ९० अंश फिरला असेल तर अर्ध्या स्लायडरला तो मूळ लांबीच्या साधारण ७१ टक्के दिसतो. तुझा हात ए-पोझमध्ये तिरका खाली होता, तो डोक्यावर गेला, म्हणजे धरून चल की १२० अंश फिरला. अर्ध्यावर तो बरोबर निम्मा होतो. १८० अंश फिरला असता तर हात खांद्यात गुडुप झाला असता. म्हणून मोठ्या वळणाचा लेयर स्लायडर म्हणून वापरायचाच नाही. तो दिव्याचं बटण आहे. शून्य किंवा एक. मधली पोझ हवी असेल तर ती नव्यानं वळवून घे. मान पाच-सात अंश कमी-जास्त करायची असेल तर स्लायडर चालतो, तेवढ्या वळणात आखडणं डोळ्याला कळत नाही.

खांद्यापाशी जाळी ताणली म्हणून डायनामेश मारलास म्हणतोस. ती ताणली का, हे पाहिलंस का? मला न पाहता सांगता येईल: तू हात फक्त दंडाच्या सांध्यातून फिरवलास. स्वतःचा डावा हात उजव्या काखेच्या मागे, पाठीच्या फऱ्यावर ठेव आणि उजवा हात बाजूनं वर ने. सुरुवातीला फरा फारसा हलत नाही, मग जाणवेल की तोही फिरतोय, बाहेर आणि वर. पूर्ण १८० अंशांत दंडाचा सांधा १२० अंश देतो आणि उरलेले ६० फरा देतो. गळपट्टीचं हाडही वर उचललं जातं. म्हणून हात एका दमात फिरवू नकोस. आधी दंड, फरा आणि गळपट्टी मोकळी ठेवून बाकी अंगाला मास्क लाव (मास्कखालचा भाग हलत नाही), आणि गिझ्मो, म्हणजे ज्याच्याभोवती भाग फिरतो ती मूठ, छातीच्या मध्याजवळ ठेवून खांदा उचल. मग गिझ्मो दंडाच्या सांध्यात नेऊन हात फिरव. गिझ्मो कातडीवर नाही, आत, हाड असतं तिथे ठेवायचा, समोरून बघून आणि मग बाजूनं बघून. मास्कची कड खांद्याला खूप मऊ, कोपराला कमी, बोटांच्या पेरांना जवळजवळ नाहीच. असं केलंस तर ताण एका जागी न साठता वाटला जातो आणि डायनामेशची वेळच येत नाही. तरी काखेत थोडं ओढलं जाईल. ते लेव्हल २-३ वर स्मूथनं सावरायचं.

मांडीचंही तसंच. बहुतेक जण जांघेच्या घडीवर गिझ्मो ठेवतात आणि मग पाय काढून लावल्यासारखा दिसतो. खुब्याचा सांधा त्याच्याहून वर आणि बाहेर आहे. कमरेच्या बाजूला, खाली हात लावला की मांडीच्या हाडाचं एक टेंगूळ लागतं, त्याच उंचीवर पण आत.

लेझीम वेगळी ठेव, हे वेगळं सांगते. तू तिला ट्रान्सपोज मास्टरमध्ये घेतली असशील तर दांडा आता किंचित वाकलेला असेल, जाऊन बघ. मऊ मास्क लावून हात फिरवला की मास्कच्या कडेत जे येतं ते सगळं रबरासारखं वळतं, मग ते कातडं असो की लाकूड. लपवलेला सबटूल ट्रान्सपोज मास्टरमध्ये जात नाही, म्हणून दांडा, साखळी आणि झांजा तिन्ही डोळा बंद करून बाहेर ठेव. हात वळले की दांडा अख्खा उचलून मुठीत बसव, मग मूठ दांड्यावर आवळ. साखळी सगळ्यात शेवटी, प्रत्येक पोझमध्ये वेगळी, कारण लेझीम मिटलेली असते तेव्हा तिचा झोळ पडतो आणि उघडलेली असते तेव्हा ती ताणलेली असते. मूर्तीत ठेका दिसतो तो या साखळीमुळे. तिच्यावर वेळ घाल. नऊ इंची मूर्तीत झांजा फार पातळ ठेवू नकोस, प्रिंटच्या सपोर्टबरोबर तुटून हातात येतील.

एक नियम ट्रान्सपोज मास्टरचा: जाळी बाहेर काढली आणि परत पाठवली, या दरम्यान मूळ सबटूलना हात लावायचा नाही. नवा सबटूल नको, क्रम बदलणं नको, डोळा उघडणं-मिटणं नको. बाहेर काढलेल्या जाळीतही ठिपके वाढवायचे-कमी करायचे नाहीत. फोन आला म्हणून अर्धवट सोडून उठलास तर परत येऊन कुठे होतो हे आठवत नाही, म्हणून पोझ एका बैठकीत संपवावी. तोवर चहा बाजूला.

सिमेट्रीबद्दल. साधी सिमेट्री जागा बघते: मध्यरेषेच्या या बाजूला इतक्या अंतरावर ठिपका आहे, तर त्या बाजूलाही तितक्याच अंतरावर शोध. पोझमध्ये त्या बाजूला हवा असते. ट्रान्सफॉर्ममध्ये पोझेबल सिमेट्री आहे, ती जागा सोडून जाळीची वीण बघते, त्यामुळे वळलेल्या अंगावरही डावा-उजवा कान एकदम करता येतो. पण वीण दोन्हीकडे सारखी असली तरच. डायनामेशची वीण सारखी नसते, म्हणून तुझ्याकडे ती चालली नाही. मघाशी सिमेट्री लावून झेडरिमेशर मार म्हटलं ते याचसाठी. सरळ उभं केल्यावर चेहरा थोडा वाकडा वाटला तर चांगल्या बाजूला मास्क लावून डिफॉर्मेशनमधलं स्मार्ट रीसिम चालव. ते सरळ मॉडेलवरच. पोझमध्ये चुकून दाबलंस तर काय होतं ते लिहून सांगण्यासारखं नाही.

पाच पोझ ठेवायच्या कशा? यात लोकांची मतं वेगळी आहेत. माझं असं: शाळेनं चेहरा पास करेपर्यंत सगळं एका फायलीत, ट्रान्सपोज मास्टरचा लेयरचा पर्याय चालू करून, प्रत्येक पोझ एक लेयर. नावं 'पोझ १' अशी नकोत, 'वाकलेला', 'उडी', 'हात वर' अशी दे, आणि चौदाही सबटूलमध्ये तीच नावं. नवी पोझ घेण्याआधी सगळे पोझ लेयर शून्यावर आहेत ना, हे चौदाही ठिकाणी बघ. एका सदऱ्याचा लेयर चालू राहिला तर दुसरी पोझ पहिलीच्या डोक्यावर बसते आणि तो गुंता सोडवायला दिवस जातो. चेहऱ्यातला बदल करायचा झाला की सगळे लेयर बंद, रेकॉर्डिंग बंद, सरळ मुलावर काम, मग एकेक लेयर चालू करून पाचही चेहरे तपासायचे. हे काम खरंच सगळ्या पोझमध्ये नीट वळतंय का, याची एक गावठी परीक्षा आहे. काम सुरू करण्याआधी सरळ मॉडेलवर मनगटाच्या वरच्या बाजूला वाटाण्याएवढा उंचवटा काढ आणि सर्वांत जास्त फिरलेली पोझ चालू कर. वाटाणा कातडीतून सरळ वर आलेला दिसला तर बिनधास्त पुढे जा. तिरका घसरलेला दिसला तर बारीक पोत पोझमध्येच करायचा, एवढं समजून जा. बघून झालं की वाटाणा अनडू.

चेहरा पास झाला की पाच वेगळ्या फायली कर, प्रत्येकीत एकच पोझ कायमची मुरव, आणि मूळ फाइल कुलूपबंद. इथून पुढे परत जायचं नाही. आता डायनामेश मार, धोतर कमरेला चिकटव, तळव्याला बैठकीत रुतव, प्रिंटसाठी तुकडे पाड. मघाशी जे करू नकोस म्हटलं ते सगळं इथे मोकळेपणानं कर. कामाचा खरा आनंदही इथेच आहे, सहा दिवस तू उगीच तिथे रमला नव्हतास.

सांगलीच्या एका मुलीनं हेच ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी प्रोग्रॅमबद्दल विचारलंय, तिलाही इथेच दोन शब्द. ब्लेंडरमधली शेप की म्हणजे आपला लेयरच, तीच सरळ रेषा आणि तोच आखडणारा हात. त्यात केलेला बदल अंगाबरोबर फिरतही नाही, ज्या दिशेला सरकवला त्याच दिशेला राहतो. म्हणून मोठं वळण शेप कीनं न घेता हाडांनी घ्यायचं, म्हणजे आर्मेचर. मॉडिफायरच्या यादीत आर्मेचर वर आणि मल्टिरेझोल्यूशन (आपल्या लेव्हलसारखंच) त्याच्या खाली ठेव, म्हणजे बारीक काम हाडांबरोबर फिरतं आणि हाडं मूळ स्थितीत नेली की सरळ मॉडेल परत मिळतं. त्यात १२० अंश फिरलेला हात अर्ध्यावर आणला तरी आखूड होत नाही, कारण तिथे अंश निम्मे होतात. २०१९ च्या नोव्हेंबरात आलेल्या २.८१ पासून ब्लेंडरमध्ये पोझ ब्रशही आहे. तो झटपट अंदाज घ्यायला झकास आहे, वाकवून बघ, आवडलं नाही तर अनडू. पण परतीचं तिकीट तो देत नाही, त्यामुळे आधी फाइल सेव्ह.

तुला वेळ किती लागेल? अंगाची सुटका एक दिवस, फार तर दीड. चेहरा एक दिवस. मग पोझ घेणं अर्धा-अर्धा दिवस आणि कापड. शाळेला आजच सांगून टाक की चेहरा सरळ उभ्या मुलावर दाखवणार आहे, लेझीमशिवाय, धोतराशिवाय. नाहीतर ते बिचारे विचारतील, आमचा मुलगा हात पसरून का उभा आहे, विमान आहे का?

आणि बाबांना एका कामाला लाव. पाचही पोझचा ओबडधोबड अंदाज झाला की, चुण्या-बिण्या काही न करता, पाच पोरं एका रांगेत ठेव, फ्लॅट कलरचं मटेरियल लावून रंग काळा कर आणि त्यांना स्क्रीनसमोर बसव. नुसत्या सावल्या. कुठल्या पोराचा तोल जातोय आणि कुठली दोन पोरं एकाच ठेक्यावर अडकलीत हे ते चहा संपायच्या आत सांगतील. तेव्हा वाद घालू नकोस, लेयर बंद कर आणि पुन्हा वळव.